भरतीचे पाणी कोणाचे?

हुबळी-धारवाडच्या बाजारात येणारी समुद्राची मासळी बरीचशी कारवार, अंकोला, कुमटा या बाजूने घाट चढून येते. तीत रावस असतो. इंग्रजीत त्याला ‘इंडियन सामन’ म्हणतात, परंतु खऱ्या सामन माशाशी त्याचे नाते नावापुरतेच. खरा सामन थंड पाण्याचा मासा. नॉर्वे, स्कॉटलंड, कॅनडा, चिली या देशांत तो समुद्रात जाळ्यांचे पिंजरे बांधून लाखोंच्या संख्येने वाढवतात, आणि या धंद्याविरुद्ध तेथील किनाऱ्यांवर बराच काळ झगडा चालू आहे. अर्जेंटिनाच्या तिएरा देल फुएगो प्रांताने 2021 साली कायदा करून हा धंदा सुरू होण्यापूर्वीच थोपविला. कॅनडाच्या सरकारने 2024 साली जाहीर केले की, ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावरील उघड्या जाळ्यांचे पिंजरे 2029 च्या जूनअखेर बंद करावयाचे.

तक्रार माशाविरुद्ध नाही. धारवाडजवळच्या बेलूर औद्योगिक वसाहतीत कारखाना निघाला, तर त्याला कुंपण असते आणि सांडपाणी कोठून बाहेर पडते तेही दाखवता येते. समुद्रातल्या पिंजऱ्याला भिंत नाही. माशांची विष्ठा, उरलेले खाद्य, औषधे आणि रोग जाळ्यातून सरळ सर्वांच्या पाण्यात जातात. शिवाय सामन हा मांसाहारी. त्याच्या खाद्यासाठी दुसरीकडचे लहान मासे पकडावे लागतात.

आपल्याकडे सामन नाही, पण हाच वाद कोळंबीवरून झाला आहे, आणि तो समजण्यास कुमट्याजवळील अघनाशिनी नदीच्या खाडीसारखे ठिकाण नाही. खाडीकाठच्या खारट सखल शेतांना तेथे ‘गजनी’ म्हणतात. कोकणातील खारजमीन किंवा गोव्यातील खाजण यांचीच ही बहीण. पावसाने शेतातील मीठ धुऊन निघाले की, तीत ‘कग्गा’ नावाचे उंच वाढणारे, खारे पाणी सोसणारे आणि काही दिवस पाण्याखाली राहूनही न कुजणारे भात पिकते. खत घालण्याची गरज नाही. भरतीबरोबर येणारा गाळ पुरतो. कापणी झाली की उघाडीच्या फळ्या काढून भरती आत घेतात. तिच्याबरोबर कोळंबीची पिले व मासे येतात, भाताच्या खुंटांत पोसतात आणि ओहोटीच्या वेळी उघाडीवर जाळे लावून धरले जातात. एकाच शेतात भात आणि मासळी, आणि पाणी मात्र येते तसेच परत जाते.

1990 नंतरच्या दशकात परदेशी बाजारातला कोळंबीचा भाव पाहून देशाच्या किनाऱ्यावर दुसरीच रीत आली. शेत खणून तळे करावयाचे, पंपाने खारे पाणी वर्षभर भरून ठेवावयाचे, दाट पिले सोडून तयार खाद्य घालावयाचे आणि घाण झालेले पाणी खाडीत सोडावयाचे. सतत साचलेले खारे पाणी झिरपून शेजारच्या शेतांत व विहिरींत उतरते. भाताच्या लावणी-कापणीला पुष्कळ हात लागतात. तळ्याला थोडे मजूर आणि एक राखणदार पुरतो. समुद्राकडे जाणारी कोळ्यांची वाटही तळ्यांच्या रांगेने अडते. नफा मालकाचा आणि खारट विहीर गावाची, असा हा हिशेब होता. त्यातच 1994-95 च्या सुमारास पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणुरोग आला आणि अनेक ठिकाणी नफाही बुडाला.

विरोध प्रथम पूर्व किनाऱ्यावर पेटला. ओरिसातील चिलका सरोवरावर टाटांचा कोळंबी-प्रकल्प यावयाचा होता. ‘चिलका बचाव’ आंदोलनापुढे तो 1992 च्या सुमारास मागे घेण्यात आला. तमिळनाडूत भूदान चळवळीतले वृद्ध गांधीवादी कार्यकर्ते एस. जगन्नाथन व त्यांच्या पत्नी कृष्णम्माळ यांनी भूमिहीन मजुरांना बरोबर घेऊन सत्याग्रह केला, आणि 1994 साली जगन्नाथन सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेकडून किनाऱ्याची पाहणी करविली. तिचा निष्कर्ष असा की, आंध्र व तमिळनाडूत या तळ्यांपासून होणारे नुकसान त्यांच्या उत्पन्नापेक्षा अधिक आहे. ज्या पिकाला सरकार परकीय चलनाची खाण समजत होते, त्याचा जमाखर्च असा निघावा, ही साधी गोष्ट नव्हती.

11 डिसेंबर 1996 रोजी न्या. कुलदीप सिंग व न्या. सगीर अहमद यांनी निकाल दिला. किनारा-नियमन क्षेत्रातील औद्योगिक तळी 31 मार्च 1997 पूर्वी मोडावीत. शेतजमीन, मिठागरे, कांदळवने यांची तळी करू नयेत. चिलका व पुलिकत सरोवरांपासून 1000 मीटरपर्यंत हा धंदा नको. कामावरून जाणाऱ्या मजुरांना भरपाई मिळावी. पारंपरिक पद्धतीची कोळंबी मात्र न्यायालयाने वगळली. गजनीतील उघाडीवरचे जाळे आणि पंपाचे तळे यांत भेद आहे, हे कायद्याने त्या दिवशी मान्य केले.

पण तळी मोडली गेली नाहीत. फेरविचाराचे अर्ज झाले, स्थगिती मिळाली, आणि 2005 साली संसदेने वेगळाच कायदा केला. त्याने किनारी मत्स्यशेतीसाठी प्राधिकरण नेमले, नव्या तळ्यांना भरतीरेषेपासून 200 मीटरपर्यंत बंदी घातली, परंतु आधीपासूनच्या तळ्यांना संरक्षण दिले. 2023 च्या दुरुस्तीने विनापरवाना धंद्याला असलेली कैदेची शिक्षा काढून दंड ठेवला आणि समुद्रातील पिंजऱ्यांची मत्स्यशेतीही याच कायद्याखाली आणली.

कारवारच्या समुद्रात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने असे पिंजरे प्रयोग म्हणून लावलेले आहेत. त्यांत मासे वाढवितात. अघनाशिनीची खाडी 2024 च्या जानेवारीत रामसर पाणथळांच्या यादीत गेली. तिच्या काठी कग्गा पेरणारे शेतकरी आता थोडे उरले आहेत. बांध एकट्याने राखता येत नाही. शेजाऱ्याचा फुटला की भरती सर्वांच्याच शेतात शिरते.