बुरशीजन्य सायनसविकार : भेद व व्यवच्छेदक निदान

सन 2021 च्या मे महिन्यात, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, म्यूकरमायकोसिस हा शब्द महाराष्ट्रात घरोघरी पोहोचला. 20 मे रोजी केंद्र शासनाने 1897 च्या साथरोग कायद्यान्वये हा व्याधी अधिसूचित करण्यास राज्यांना सांगितले. त्याच सुमारास आमच्या कुर्ल्यातील चिकित्सालयात एक मधुमेही गृहस्थ आले. कोविडमधून उठून पंधरा दिवस झाले होते. दाढ दुखत होती, गाल बधिर झाला होता. तीन दिवस ते वेदनाशामक गोळ्यांवर होते. आम्हीही प्रथम प्रतिश्यायाचाच विचार केला. टाळू पाहिली तेव्हा काळसर डाग दिसला आणि त्यांना तत्काळ मोठ्या रुग्णालयात पाठविले. टाळूचा काही भाग गमवावा लागला, जीव वाचला. या अनुभवाने हा विषय मांडण्यास आम्हांस प्रवृत्त केले.

बुरशी श्लेष्मल आवरण भेदून धातूंत शिरली आहे काय, हा निदानातील पहिला प्रश्न होय. त्याचे निर्णायक उत्तर ऊतीच्या बायॉप्सीनेच मिळते. त्यानुसार मुख्य पाच प्रकार होतात.

अनाक्रमक प्रकार
1) बुरशीचा गोळा : बहुधा एकाच, विशेषतः गालाच्या सायनसमध्ये. प्रतिकारशक्ती सामान्य असते. सीटी स्कॅनमध्ये चुन्यासारखे दाट ठिपके दिसतात. शस्त्रक्रियेने गोळा काढणे बहुधा पुरेसे ठरते.
2) ॲलर्जिक प्रकार : तरुण रुग्ण, नासार्श, चिकट घट्ट स्राव. स्रावात इओसिनोफिल पेशी व बुरशीचे तंतू सापडतात. ऊतीत मात्र नाहीत.

आक्रमक प्रकार
3) तीव्र : चार आठवड्यांच्या आत, कित्येकदा काही दिवसांत पसरतो. अनियंत्रित मधुमेह वा क्षीण प्रतिकारशक्ती हे क्षेत्र. म्यूकरवर्गाचे तंतू रुंद, विनापडद्याचे. ॲस्परजिलसचे बारीक, पडदेयुक्त व लघुकोनात फाटे फुटणारे असतात.
4) जीर्ण : बारा आठवड्यांहून अधिक काळ, मंदगती, मधुमेहींत अधिक. दृष्टिमांद्य किंवा डोळ्याची हालचाल मंदावणे ही लक्षणे आढळतात.
5) ग्रॅन्युलोमायुक्त : भारत व सुदानमध्ये विशेष आढळणारा. प्रतिकारशक्ती सामान्य असूनही डोळा हळूहळू पुढे येतो. ॲस्परजिलस फ्लेव्हस हे प्रमुख कारण.

‘काळी बुरशी’ हे प्रचलित नाव दिशाभूल करणारे आहे. काळा रंग बुरशीचा नसून रक्तपुरवठा तुटून मृत झालेल्या ऊतीचा असतो. म्हणूनच काळेपणाची वाट पाहत बसणे घातक ठरते.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात 31 नासारोग सांगितले असून प्रतिश्यायवर्णनात श्वेत, सूक्ष्म कृमींचाही उल्लेख येतो. परंतु त्यावरून आक्रमक प्रकारास दुष्ट प्रतिश्याय समजून नस्य वा धूमपानावर दिवस घालविणे आम्हांस मान्य नाही. तेथे मृत ऊती काढण्याची शस्त्रक्रिया, ॲम्फोटेरिसिन बी सारखे बुरशीनाशक व रक्तशर्करेचे नियंत्रण यांत विलंब चालत नाही.

औषधविक्रेत्या बंधूंसही एक विनंती. ॲलर्जिक प्रकारात शस्त्रक्रियेसोबत उपयोगी पडणारे स्टेरॉइड आक्रमक प्रकारात बुरशीला मोकळे रान देते. जुन्या चिठ्ठीवर ते कदापि देऊ नये.

मधुमेही रुग्णास एका बाजूची चेहरादुखी, गालाची बधिरता, हलणारे दात, डोळ्याभोवती सूज, दुहेरी दिसणे किंवा रक्तमिश्रित नासास्राव यांपैकी काहीही असल्यास त्याच दिवशी कान-नाक-घसा विभाग असलेल्या रुग्णालयात पाठवावे. रुग्ण योग्य वेळी पुढे पाठविणे हेही वैद्याचे कर्तव्यच होय.