डॉक्टर, विचारा तरी!

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर मासळीचा लिलाव चालू असला म्हणजे आपल्यासारख्या पांढरपेशांनी जरा बाजूलाच उभे राहावे. टोपल्या घेऊन धावणाऱ्या बायका कुणाची भीड धरीत नाहीत. पण याच फटकळ बायका दवाखान्याची पायरी चढल्या की मुक्या होतात!

एका मावशींना मी कारण विचारले. त्या म्हणाल्या, "कंबर दुखते म्हटले की गोळी मिळते, बाय. बाकीचे पुरुषमाणसाला सांगायचे कसे? आणि विचारतो तरी कोण?"

हे ‘विचारतो कोण’ फार जुने दुखणे आहे. डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापले. शंभरांत ९२ जणींना काही ना काही स्त्रीरोग. आणि पूर्वी कधी तशी तपासणी झालेल्या अवघ्या आठ! तोवर खेड्यातल्या बाईची आरोग्यखात्याला आठवण होई ती बाळंतपणापुरती, नाहीतर कुटुंबनियोजनापुरती.

आनंदीबाई जोशी १८८६ साली डॉक्टर झाल्या. तेव्हापासून, बाई डॉक्टर आली म्हणजे प्रश्न सुटला, अशी आपली समजूत. पण पुस्तक तेच, शिकवणारे तेच, तर बाई डॉक्टर तरी वेगळे काय विचारणार?

म्हणून पुस्तकालाच हात घालणाऱ्यांचे मला कौतुक वाटते. मुंबईच्या ‘सेहत’ संस्थेने वैद्यकीय महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांना बरोबर घेऊन स्त्रीरोग, न्यायवैद्यक, मानसोपचार आदी विषयांचे नवे पाठ तयार केले, आणि २०१८ साली नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने ते स्वीकारले. अंगावर वळ घेऊन आलेल्या बाईला नवऱ्यादेखत नव्हे, एकांतात विचारावे, हे शिकवावेच लागते. ते उपजत येत नाही. बलात्कारपीडितेची ‘दोन बोटांची’ तपासणी अभ्यासक्रमातून काढा, असे तर २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले!

रत्नागिरीतही २०२३ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. हल्ली विद्यार्थ्यांना खेड्यातली काही कुटुंबे ‘दत्तक’ देतात. वर्षानुवर्षे त्यांच्या घरी जाऊन प्रकृतीची विचारपूस करायची. त्यांत मिरकरवाड्यातले एखादे घर घालायला काय हरकत आहे? मात्र पोरांनो, लिलाव आटोपल्यावर जा. त्याआधी कोणी तुमच्याकडे ढुंकूनही पाहणार नाही.