नंदुरबारची सावली, कोल्हापूरची सावली

पत्र्याचं छप्पर असलेल्या वर्गात प्रकाशाचा धडा शिकवायला साहित्याची पेटी लागत नाही. पत्र्याला खिळ्यांची जुनी भोकं असतातच. ऊन चढलं की जमिनीवर कवडसे पडतात. फळ्याचं डस्टर झटकलं की खडूच्या भुकटीत छपरापासून जमिनीपर्यंतचा सरळ पट्टाही दिसतो. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव, अक्कलकुवा, तळोद्याकडच्या मुलांनी कुडाच्या भिंतीतून आणि कौलांच्या फटीतून येणारे कवडसे घरीही पाहिलेले असतात. भोक वेडंवाकडं असलं तरी कवडसा गोल का पडतो, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही.

पुठ्ठ्याला दोन-तीन मिलिमीटरचं चौकोनी भोक पाडा आणि तो उन्हात जमिनीलगत धरा. ठिपका चौकोनी दिसेल. आता हात उंच करत न्या. कोपरे बोथट होतील आणि पुठ्ठा डोक्याच्या वर गेला की ठिपका गोल होईल. कारण हा ठिपका आता भोकाचा आकार दाखवत नाही, तो सूर्याची प्रतिमा दाखवतो. सूर्यबिंबाच्या वरच्या कडेचा किरण भोकातून सरळ जाऊन खाली पडतो, खालच्या कडेचा वर पडतो. किरण मध्येच वळत असते तर ही उलटी प्रतिमा तयारच झाली नसती. २६ डिसेंबर २०१९ च्या सूर्यग्रहणात ज्यांच्या वाट्याला मोकळं आकाश आलं, त्यांना झाडाखालचे सगळे कवडसे चंद्रकोरीसारखे दिसले, ते यामुळेच. दहाव्या-अकराव्या शतकात इब्न अल-हैथम यानेही छिद्रातून पडणाऱ्या ग्रहणातल्या सूर्याच्या प्रतिमेचा अभ्यास केला होता.

इथून पुढे मोजायला लागलं की खरी मजा. छोट्या आरशावर कागद चिकटवा, कागदात अर्ध्या सेंटिमीटरची खिडकी ठेवा आणि ऊन वर्गातल्या भिंतीवर पाडा. (सूर्याकडे किंवा आरशातल्या सूर्याकडे थेट पाहायचं नाही, हे मुलांना आधी दोनदा सांगा.) आरसा भिंतीपासून अकरा मीटरवर असेल, तर खिडकीची रुंदी वजा केल्यावर सुमारे १० सेंटिमीटरचं बिंब मिळतं. अंतर भागिले बिंबाचा व्यास म्हणजे साधारण ११०. सूर्य १५ कोटी किलोमीटरवर आहे, हे पुस्तकात असतं. त्याला ११० ने भागा. सूर्याचा व्यास येतो साडेतेरा लाख किलोमीटरच्या वर. खरा आकडा आहे सुमारे १३ लाख ९० हजार. आरसा, कागद आणि मोजपट्टी एवढ्या भांडवलावर हे उत्तर वाईट नाही.

पाठ्यपुस्तकांतला नेहमीचा प्रयोग तीन पुठ्ठ्यांचा. एका रेषेत भोकं, पलीकडे मेणबत्ती, मधला पुठ्ठा सरकवला की ज्योत दिसेनाशी होते. प्रयोग चांगला आहे, पण तो होतो हातभर अंतरात. एखादी चौकस मुलगी विचारेल, ‘‘सर, इथे सरळ गेला, पण पुढे वळत असेल तर?’’ हा प्रश्न गप्प बसवण्यासारखा नाही. त्याचं उत्तर शोधायला वर्गाबाहेर पडावं लागतं, आणि इथे नंदुरबारच्या शाळांचं नशीब चांगलं आहे.

नंदुरबार हा राज्याचा उत्तरेकडचा शेवटचा जिल्हा. महाराष्ट्रात शून्य सावलीचा, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येण्याचा दिवस मेच्या सुरुवातीला सावंतवाडीकडून निघतो आणि महिनाअखेरीस धडगाव-तोरणमाळला पोहोचतो. नंदुरबार शहरात तो २८ मेच्या आसपास येतो. पण तेव्हा शाळांना सुट्टी. जुलैच्या मध्यात सूर्य पुन्हा डोक्यावर येतो, तेव्हा शाळा भरलेली आणि आकाशही ढगांनी भरलेलं. म्हणून मी म्हणेन, शून्य सावली सोडा, लांब सावली धरा. २२ डिसेंबरच्या आगेमागे आकाश बहुधा निरभ्र असतं. त्या दिवसांत नंदुरबारला दुपारी साडेबाराच्या सुमारास उभ्या मीटरभर काठीची सावली ९९ सेंटिमीटर पडते. काठीएवढीच म्हणा ना!

आणि नकाशात एक योगायोग दडलेला आहे. नंदुरबारपासून सरळ दक्षिणेला बोट नेलं तर ते थेट कोल्हापूरवर येतं. दोन्ही शहरं जवळजवळ ७४.२४ अंश पूर्व रेखांशावर आहेत, म्हणजे दोघांची खरी दुपार एकाच वेळी होते. कोल्हापुरात त्याच क्षणी तशाच काठीची सावली ८४ सेंटिमीटर भरते. सूर्य इतका दूर आहे की दोन्हीकडे येणारे किरण समांतर मानता येतात. किरण सरळ आणि समांतर, तरी सावल्यांत १५ सेंटिमीटरचा फरक. कारण जमीन गोल आहे.

काठी आणि सावली कागदावर प्रमाणात काढून काठीच्या वरच्या टोकाशी होणारा कोन कोनमापकाने मोजा. नंदुरबारचा ४४.८ अंश येईल, कोल्हापूरचा ४०.१. फरक ४.७. दोन शहरांतलं सरळ अंतर सुमारे ५२० किलोमीटर. ३६० ला ४.७ ने भागून ५२० ने गुणलं की पृथ्वीचा परीघ येतो ३९,८०० किलोमीटर. ध्रुवांवरून मोजलेला खरा परीघ ४०,००८ आहे. कोनात अर्ध्या अंशाची चूक झाली तर उत्तर दहा टक्क्यांनी हुकतं, आणि ते का हुकलं यावर वर्गात वाद झालेला उत्तम. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिसने सायीन आणि अलेक्झांड्रिया या शहरांवरून हेच केलं, पण त्याची दोन शहरं एका रेखांशावर नव्हती, तब्बल तीन अंशांचा फरक होता. आपली जोडी त्याच्यापेक्षा सरस आहे.

खानदेशाला अशा शिक्षणाचा वारसा आहे. मुंबईत १९७४ मध्ये सुरू झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने सुरुवातीच्या काळातच सातपुड्याच्या पायथ्याच्या खिरोद्यात, ग्रामीण शाळांसोबत काम केलं होतं. शिवाय घरी पावरी, भिली किंवा अहिराणी बोलणाऱ्या मुलाला पुस्तकी मराठीतली व्याख्या अडते, काठीची सावली अडत नाही.

तेव्हा नंदुरबारच्या शिक्षकांनी यंदा कोल्हापूरच्या एखाद्या शाळेला आत्ताच फोन करावा. दोन सारख्या काठ्या, ओळंबा आणि मोजपट्टी तयार ठेवावी. २२ तारखेला रविवार आला तरी हरकत नाही. त्या आठवड्यात सूर्य जवळपास जागचा हलत नाही, शनिवार किंवा सोमवार धरा. बारा वाजल्यापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण करा आणि सर्वांत आखूड सावली वहीत लिहा.