लाल फुलीची मूक संमती

२९ जुलै २०१५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० प्रसिद्ध केले आणि विंडोज ७ व ८.१ वापरणाऱ्यांस ते वर्षभराच्या मुदतीत विनामूल्य देऊ केले. परंतु ह्या औदार्यासमवेत केबी ३०३५५८३ नावाचे एक अद्यतनही यंत्रांत दाखल झाले, ज्याने पडद्यावर घड्याळाशेजारी निमंत्रणाचे चिन्ह आणून बसविले, आणि ते काही केल्या तेथून हलेना. मे २०१६ मध्ये तर ह्या तगाद्याने शिष्टाचाराची पायरीच सोडली: कोपऱ्यातील जी लाल फुली दाबली असता चौकट मिटते व विषय संपतो अशी विंडोज ९५ पासूनची वहिवाट, ती दाबणे म्हणजे ठरविलेल्या मुहूर्तास मूक संमती देणे, असा अर्थ कंपनी करू लागली. कॅलिफोर्नियातील एका प्रवास-व्यावसायिक महिलेने, ह्या अनाहूत बदलाने कामाचा संगणक निकामी झाल्याची फिर्याद लावून १०,००० डॉलरांची भरपाई मिळविली. तत्कालीन विपणनप्रमुख ख्रिस कपोसेला यांनी मर्यादा ओलांडल्याची कबुली दिली ती डिसेंबरात, म्हणजे मुदत सरल्यावर.

आज विंडोज ११ च्या सेटिंग्जमध्ये ‘विंडोज अपडेट’ ह्या सदराखाली अद्यतने पाच आठवड्यांपर्यंत तहकूब ठेवता येतात, आणि ‘अ‍ॅक्टिव्ह अवर्स’मध्ये कमाल अठरा तास नोंदविले असता त्या अवधीत यंत्र आपण होऊन पुन्हा सुरू होत नाही. कायमची बंदी मात्र घालू नये. मार्च २०१७ मध्ये निघालेली दुरुस्ती ज्यांवर चढली नव्हती, मुख्यत्वे त्याच यंत्रांवर मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ ह्या घातक संगणक-प्रणालीने खंडणीसाठी झडप घातली होती.