‘टोकियो स्टोरी’ पाहताना हिरमोड का होतो?

यासुजिरो ओझू यांचा ‘टोकियो स्टोरी’ (१९५३) जगातल्या सर्वोत्तम चित्रपटांच्या यादीत हमखास असतो. २०१२ साली ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश मासिकाने दिग्दर्शकांचा कौल घेतला, तेव्हा तो पहिला आला. ही कीर्ती ऐकून चित्रपट लावणारे अनेक जण मात्र तासाभरात चुळबुळ करू लागतात.

गोष्ट एवढीशी आहे. ओनोमिचीचे वृद्ध जोडपे मुलांना भेटायला टोकियोला येते. डॉक्टर मुलगा आणि केशभूषेचे दुकान चालवणारी मुलगी, दोघांनाही सवड नाही. म्हणून आई-वडिलांची रवानगी अतामी या गरम झऱ्यांच्या गावी होते. युद्धात गेलेल्या मुलाची विधवा नोरिको तेवढी आस्थेने वागते. गावी परतल्यावर आई वारते.

मराठी प्रेक्षकाला विषय ओळखीचा आहे. राजा परांजपे यांचा ‘ऊन पाऊस’ (१९५४) आणि पुढे हिंदी ‘बागबान’ (२००३) यांतही म्हातारपणी मुलांकडून होणारी परवड आहे. पण ‘बागबान’मध्ये मुलांचा हिशेब चुकता होतो, टाळ्या पडतात. ओझूंकडे खलनायकच नाही. आई गेल्यावर मुलगी हमसून रडते आणि अंत्यविधीनंतर लगेच आईचे कपडे मागते. तिचे रडणेही खोटे नसते. राग काढायला माणूस सापडत नाही, याची सवय नसलेल्याला ते बेचव वाटते.

मांडणीही तशीच आहे. कॅमेरा चटईवर बसलेल्या माणसाच्या नजरेपेक्षाही खाली असतो आणि जवळजवळ हलत नाही. मधूनच धुराडी, वाळत घातलेले कपडे दिसतात. परतीच्या प्रवासात आई आजारी पडते, हा प्रसंग दाखवलेलाच नाही. धाकटा मुलगा कचेरीत सहकाऱ्याला सांगतो, तेव्हा तो कळतो. ‘काळीज पिळवटणारा’ असे ऐकून आलेला प्रेक्षक १३६ मिनिटे त्या पिळाची वाट पाहत राहतो. खरे तर पहिल्या क्रमांकाचे ओझे या चित्रपटाला मुळीच झेपणारे नाही.

सगळा दोष प्रेक्षकाचाही नाही. नोरिकोचे अखंड हसू आणि सोशिकपणा पटवून घ्यावा लागतो. शेवटाकडे ती स्वतःच सासऱ्याला सांगते, की आपण इतक्या चांगल्या नाही. ही कबुली आधी यायला हवी होती.

परदेशी प्रेक्षकाला हे रुचेल का, अशी शंका जपानी चित्रव्यवसायालाही होती. न्यूयॉर्कच्या चित्रगृहात तो लागला १९७२ साली, ओझूंच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी.