रोडग्याचा पत्ता

वर्धा जंक्शनवर उतरलेल्या पाहुण्याचे दोन दिवस बहुधा आधीच वाटून झालेले असतात. पहिल्या दिवशी आठेक किलोमीटरवरचं सेवाग्राम आणि बापूकुटी, दुसऱ्या दिवशी धाम नदीकाठचा पवनारचा विनोबांचा आश्रम, मधल्या वेळात मगन संग्रहालय, आणि गाडीत बसण्याआधी गोरस भांडारातून गोरसपाक. राहतो तो जेवणाचा प्रश्न. इथलं विस्तवावर भाजलेलं चांगलं काय आणि कुठे मिळेल, असं ऑटोवाल्याला विचारलं की तो तंदूर असलेल्या एखाद्या हॉटेलासमोर नेऊन सोडतो. तिथली तंदुरी कोंबडी वाईट नसते, पण ती नागपुरातही तशीच मिळते आणि नाशकातही. वर्ध्याची स्वतःची भाजणी शोधायची तर शहराच्या बाहेर पडावं लागतं. एखाद्या वावरात, मारुतीच्या देवळामागे किंवा नदीकाठच्या महादेवाच्या आवारात धूर दिसतो, त्या धुराखाली रोडगे असतात.

रोडगा म्हणजे राजस्थानची बाटी आणि बिहारची लिट्टी यांच्या कुळातलाच, पण घडण निराळी. गहू जरा जाडसर दळून आणायचा. कणकेत मीठ, ओवा आणि तेलाचं मोहन घालून ती घट्ट भिजवायची. मग लहान लहान पुऱ्या लाटून, प्रत्येकीला तेल लावून, एकीवर एक रचायच्या आणि शेवटी एका मोठ्या पारीत तो सगळा थर गुंडाळून गोळा बंद करायचा. भाजताना आतल्या वाफेनं थर सुटे होतात. नीट जमलेला रोडगा हातानं फोडला की कांद्यासारखे पदर उलगडतात, बाहेरचं कवच खरपूस आणि आतला भाग मऊ. थर न घालता नुसता गोळा भाजणारेही आहेत, आणि घाईच्या वेळी तेच होतं. तरी दोन्ही खाऊन पाहिलेला माणूस थराच्या रोडग्यालाच उजवं माप देईल.

खरं कसब विस्तवाचं. गोवऱ्या रचून पेटवल्या की पहिला बराच वेळ नुसता धूर आणि ज्वाळ. या ज्वाळेवर रोडगा टाकला तर वरून कोळसा आणि आत कच्ची कणीक. जाणता माणूस थांबतो. ज्वाळ बसते, गोवऱ्या लाल होऊन ढासळतात, वर राखेचा पातळ थर धरतो. याला आर पडणं म्हणतात. आर पसरून त्यात रोडगे ठेवायचे, अधूनमधून फिरवायचे, आणि शेवटी गरम राखेत दडपून द्यायचे. राख उष्णता धरून ठेवते आणि तिची धारही बोथट करते, म्हणून गोळ्याच्या मध्यापर्यंत आच सावकाश पोचते. गोवरी इथे लाकडापेक्षा सरस ठरते ती याच कारणानं: ती भडकत नाही, धुमसत राहते. भाजलेले रोडगे फडक्यात घोळून राख झटकायची, फोडायचे आणि वर तूप सोडायचं.

तोवर बाजूच्या तीन दगडांच्या चुलीवर मोठ्या गंजात आलू-वांग्याची रस्सेदार भाजी शिजत असते, दुसरीकडे तुरीचं वरण. वरून भरपूर सांबार, म्हणजे विदर्भातली कोथिंबीर. आरात दोन-चार अख्खी वांगी खुपसून ठेवलेली असली तर भरीतही होतं. भरताचा मोठा मान अर्थात खानदेशाचा; जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. पण गोवरीच्या आरातून काढलेल्या वांग्याला जो धुराचा वास लागतो तो गॅसच्या बर्नरवर कधी येत नाही. शेवटी उरलेला रोडगा कुस्करून त्यात गूळ-तूप कालवलं की गोडाचंही काम भागतं.

याच कणकेचे पानगे करायचे तर थापलेला गोळा पळसाच्या दोन पानांमध्ये दाबून आरात ठेवतात. पान जळतं, आतला पानगा वाचतो, आणि पानाच्या शिरांचा ठसा त्याच्या पाठीवर उमटतो. ही युक्ती एकट्या विदर्भाची नाही. रायगडात थंडीच्या दिवसांत पोपटी लावतात तेव्हा वालाच्या शेंगांचं मडकं भांबुर्ड्याच्या पाल्यानं भरलेलं असतं. मेक्सिकोत जमिनीतल्या खड्ड्यात मांस भाजताना ते घायपाताच्या जातीच्या रुंद पानांमध्ये गुंडाळतात आणि त्या पदार्थाला बार्बाकोआ म्हणतात. कॅरिबियन बेटांवरच्या मूळ रहिवाशांच्या भाषेतला हा शब्द विस्तवावर उभारलेल्या लाकडी माचीसाठी होता. त्यातूनच जगभरचं ‘बार्बेक्यू’ आलं. मंद आर, ओलं पान, सबुरी. पानगे लावणाऱ्याला आणि बार्बाकोआ लावणाऱ्याला एकमेकांची भाषा कळणार नाही, पण एकमेकांचा विस्तव लगेच कळेल.

महाराष्ट्रात रोडग्याचं नातं आधी देवाशी आहे. सोळाव्या शतकातल्या एकनाथांच्या एका गाजलेल्या भारुडातली सून सासरच्या माणसांना कंटाळून भवानीला रोडगाच कबूल करते. मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य असतो. चातुर्मासात वर्ज्य केलेलं वांगं अनेक घरांत त्या दिवशी पुन्हा ताटात येतं. वर्ध्याकडेही नवस फेडायचा, पीक घरी आलं, मुलगा नोकरीला लागला, की देवळात रोडग्याचं जेवण घालतात. म्हणूनच हे जेवण विकत मिळणं अवघड. त्याला गिऱ्हाईक नसतं, पंगत असते.

मांसाहाराची तऱ्हा वेगळी. विदर्भातलं नावाजलेलं सावजी मटण मूळ नागपूरच्या हलबा कोष्टी विणकरांचं, आणि त्याचा जीव वाटलेल्या मसाल्यात आणि तर्रीत आहे, भाजण्यात नाही. शिवाय वर्धा जिल्ह्यात 1974 सालापासून दारूबंदी आहे. इतर शहरांत बारच्या जोडीनं कबाबांच्या शेगड्या वाढल्या, तशी उघड वाढ इथे होण्याला वावच नव्हता. ‘चुलीवरचं मटण’ अशा पाट्या रस्त्यांवर दिसतात. तिथे चूल खरोखर पेटलेली आहे का, एवढं डोळ्यांनी पाहून बसावं.

धुराबद्दल मात्र वर्ध्यात बोलताना एक गोष्ट टाळता येत नाही. 1934 साली गांधीजींच्या प्रेरणेनं अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, त्याचं ठाणं वर्ध्याच्या मगनवाडीत होतं आणि जे. सी. कुमारप्पा त्याची धुरा वाहत होते. धूर बाहेर काढून देणारी ‘मगन चूल’ याच मगनवाडीची. बायकांचे डोळे आणि छाती रोजच्या धुरानं खराब होतात, हे या गावानं फार लवकर ओळखलं होतं. शेण जाळू नये, त्याचं खत करावं, हा आग्रहही गांधीजींचा. म्हणजे रोडग्याच्या पंगतीत त्यांच्या दोन तक्रारी एकदम निघाल्या असत्या! तरी फरक आहे. रोजची चूल बाईच्या वाट्याला एकटीच्या आणि बंद खोलीत येते. रोडग्याचा विस्तव उघड्यावर, वर्षातून चार-दोनदा पेटतो, आणि त्याच्याभोवती राखेत हात घालून बसलेले बहुधा पुरुष असतात. रोजच्या धुराचं कौतुक कुणी करू नये. या धुराचं करायला हरकत नसावी.

अडचण आता गोवरीचीच आहे. आर्वीकडचा डोंगराळ पट्टा हे गवळाऊ या पांढऱ्या, चपळ गोवंशाचं मूळ घर. जमनालाल बजाजांनी 1942 साली निधन होण्यापूर्वीचे शेवटचे महिने वर्ध्यात गोसेवेलाच वाहिले होते. पण ट्रॅक्टर आले, चराई आटली, आणि गवळाऊची संख्या घटत गेली. होळीला पोरं शेणाच्या चाकोल्यांच्या माळा करतात, त्यासाठीसुद्धा कुठे कुठे शेण शोधत फिरावं लागतं. हुरड्याचं तेच झालं. पूर्वी वावरात ज्वारी असायची, पौषाच्या आसपास दुधाळ कणसं आरात भाजून हातावर चोळली की हुरडा तयार. गेल्या काही दशकांत जिल्ह्याच्या शेतांत कापूस आणि सोयाबीन पसरले आणि ज्वारी आकसली. सोयाबीनचा हुरडा होत नाही. कापसाची पऱ्हाटी आणि तुरीच्या तुराट्या जळणाला भरपूर आहेत, त्यांच्यावर वांगी झकास भाजतात, पण रोडग्याला लागणारा दमदार आर त्यांचा पडत नाही. त्या भसकन पेटतात आणि विझतात.

मग दोन दिवसांच्या पाहुण्यानं करावं काय? दिवाळीनंतरचे दिवस निवडावेत: गोवऱ्या वाळलेल्या, वांगी नवी, तुरीच्या शेंगा भरत आलेल्या, हवा विस्तवाजवळ बसण्याजोगी. हॉटेलाची चौकशी न करता माणसाची करावी. ज्याच्याकडे उतरला असेल त्याला, सेवाग्रामला नेणाऱ्या चालकाला किंवा बाजारात वांगी विकणाऱ्या बाईला विचारावं, ‘या आठवड्यात कुठं रोडगे आहेत काय जी?’ विदर्भात या प्रश्नाला बहुतेक वेळा उत्तरासोबत आमंत्रणही मिळतं. काही ठिकाणी रोडगे ऑर्डरीनं करून देणारे आचारीही भेटतात. त्यांना आदल्या दिवशी सांगावं लागतं आणि दहा-बारा माणसं तरी जमवावी लागतात. तूप आणि गूळ आपल्याकडून न्यावा, म्हणजे फुकट जेवल्याचा संकोच राहत नाही.

आणि पंगतीच्या वेळेला जाऊ नये, सकाळी नऊलाच पोचावं. त्या वेळी गोवऱ्या नुकत्या पेटत असतात, कुणीतरी परातीत कणीक तिंबत असतं, कुणी वांगी चिरून पाण्यात टाकत असतं, आणि नव्या आलेल्या माणसाच्या हातात न विचारता लसणाची परडी सोलायला दिली जाते.