फ्यूज बॉक्सची जागा आधी ठरवा

पावसाळ्यात आंबोली किंवा गगनबावड्याकडे निघालेल्या मोटरसायकली पाहिल्या, की हँडलवर मोबाइलचा चार्जर, क्रॅशगार्डवर दोन फॉगलाइट, पुढे जोड हॉर्न हे हमखास दिसतं. यातलं बरंचसं गरजेचं असतं. घाटातल्या धुक्यात फॉगलाइट लागतो आणि रस्ता दाखवणारा मोबाइल दिवसभर चालू ठेवायचा तर चार्जरही लागतो. मी कोल्हापुरात ऑटो इलेक्ट्रिशियन आहे. माझं सांगणं एवढंच, की या वस्तूंना वीज कुठून द्यायची आणि त्या वाटपाचा डबा गाडीत कुठे बसवायचा, हे खरेदीच्या आधी ठरवा.

बहुतेक गाड्यांत एकेक वस्तू येईल तशी थेट बॅटरीला जोडली जाते. बॅटरीच्या प्लसवर एकाच बोल्टखाली वायरींच्या टोकाच्या धातूच्या कड्या, म्हणजे थिंबलं, चार-पाच चढतात. बोल्टाला पुरेसे आटे मिळत नाहीत आणि खड्ड्यांतून गेल्यावर तो ढिला पडतो. मग स्टार्टर दाबला की नुसतं टकटक वाजतं. एका वायरला फ्यूज असतो, दुसरीला नसतो. बिनफ्यूजची वायर फ्रेमला घासून सोलली, की शॉर्ट होऊन वायरच जळते.

यावर उपाय म्हणजे घरात असतो तसा एक छोटा मेन बोर्ड. बॅटरीच्या प्लसपासून एकच जाड वायर काढायची आणि वीतभर अंतराच्या आत तिच्यावर मेन फ्यूज घालायचा. पुढे रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, त्यापुढे चार किंवा सहा फ्यूजचा बॉक्स आणि तिथून प्रत्येक वस्तूला वेगळी वायर. रिलेच्या ३० नंबरच्या पिनला बॅटरीकडची वायर येते, ८७ मधून ती बॉक्सकडे जाते. ८५ आणि ८६ या पिनांपैकी एकीला अर्थिंग आणि दुसरीला टेललाइटची वायर. त्यामुळे चावी बंद केली की सगळ्या वस्तू आपोआप बंद होतात, चार्जर रात्रभर बॅटरी पीत बसत नाही.

हिशेब सोपा आहे. वॅटला १२ ने भागलं की अँपियर मिळतात. २० वॅटचे दोन फॉगलाइट म्हणजे साधारण साडेतीन अँपियर. चांगला चार्जर दीड-दोन अँपियर घेतो. टायरमध्ये हवा भरायचा पंप मात्र एकटाच दहाच्या आसपास ओढतो. मेन वायर २.५ चौरस मिलिमीटरची घ्यावी आणि तिच्यावर २० अँपियरचा पिवळा फ्यूज घालावा. फॉगलाइटला साडेसातचा तपकिरी पुरतो, चार्जरला पाचचा फिकट खाकी. फ्यूज वायरला सांभाळतो, म्हणून तो उडाला की त्या जागी मोठा घालायचा नाही, कारण शोधायचं. ४११ सीसीच्या हिमालयनची बॅटरी ८ अँपियर-अवरची असते. इंजिन बंद ठेवून पाच अँपियर ओढत राहिलात, तर तासाभरात स्टार्टर मान टाकेल.

खरी अडचण जागेची. जुन्या बुलेटला दोन्ही बाजूंना पेट्या होत्या, त्यांत हात घालायला ऐसपैस जागा. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. फ्युएल इंजेक्शनचा ईसीयू, सेन्सर, पेट्रोलची वाफ धरणारा कॅनिस्टर, एबीएसचं युनिट हे सगळं त्याच फ्रेममध्ये बसवावं लागलं. सीटखाली जी काही पोकळी उरली, ती टूलकिट आणि फर्स्ट एडच्या पाकिटानं भरली.

सहा फ्यूजचा साधा बॉक्स तळहातावर मावतो, पण झाकणासकट तो चार सेंटिमीटरपर्यंत उंच असतो, आणि अडतं ते उंचीलाच. सीट काढल्यावर जागा भरपूर दिसते. सीटचा प्लास्टिकचा तळ, त्याच्या फासळ्या आणि लॉकचा आकडा किती खाली येतात ते दिसत नाही. म्हणून मी मुलांच्या खेळण्यातल्या मातीचा गोळा पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळून त्या जागी ठेवतो, सीट लावतो आणि मालकाला मागच्या माणसासह बसायला सांगतो. सीट काढली की गोळा दबलेला असतो. उरलेली जाडी मोजली, की खरी उंची कळते. बॉक्स तिच्यापेक्षा निदान पाच मिलिमीटर बुटका हवा. मग पुठ्ठ्याचा तेवढाच ठोकळा करून तो फिरवून पाहायचा. वायरी कोणत्या बाजूनं निघतील, झाकण उघडेल का, बॅटरी बाहेर काढता येईल का, हे तेव्हाच समजतं.

सीटखाली जमलं नाही, तर साइड पॅनेलच्या आत पाहावं. तिथे सायलेन्सर आणि रेक्टिफायरपासून लांब राहायचं, दोन्ही चांगलेच तापतात. मागच्या मडगार्डच्या आतल्या बाजूला जागा दिसते, पण टायर वर येतं हे विसरू नये. ४११ सीसीच्या हिमालयनच्या मागच्या चाकाची चाल १८० मिलिमीटर आहे. खाली निघालेलं बोल्टाचं टोक लोड घेतलेल्या गाडीचं टायर फाडू शकतं. हेडलाइटच्या डूममध्ये किंवा हँडलपाशी बॉक्स नको. हँडल वळेल तशी जाड वायर रोज दुमडते आणि आतल्या तारा एकेक करून तुटतात.

जागा मिळाली की पट्टी करायची. कोल्हापूरच्या उद्यमनगरात दोन मिलिमीटर जाडीच्या अ‍ॅल्युमिनियमची पट्टी मापानं कापून, वाकवून मिळते. ती गाडीला मुळातच असलेल्या बोल्टांवर धरायची. फ्रेमला भोक पाडायचं नाही. बॉक्सखाली रबराच्या वायसर द्यायच्या. नुसत्या डबल टेपवर भरवसा ठेवू नका, उन्हात तिचा डिंक सुटतो.

आपल्याकडचा पाऊस आणि कोकणातली खारी हवा तांब्याला हिरवं करतात. सर्व्हिसिंगच्या वेळी मारलेलं प्रेशरचं पाणी तर सीटखाली कुठेही पोचतं. म्हणून वायरी बॉक्सच्या खालच्या तोंडानं बाहेर काढाव्यात आणि पुढे नेण्याआधी थोड्या खाली झोकाव्यात, म्हणजे पाणी वायरीवरून आत न जाता तिथेच गळून पडतं. थिंबल नीट दाबून वर डिंक असलेली उष्णतेनं आवळणारी स्लीव्ह चढवावी. काळी टेप एका पावसाळ्यातच चिकट होऊन सुटते.

तुमच्या गाडीवर हे काम करून घेताना कारागिराला घाई करायला लावू नका. जागा शोधण्यात गेलेल्या वेळाची मजुरी त्याला द्या. काम झालं की बॉक्स कुठे आहे आणि कोणता फ्यूज कशाचा, ते त्याच्याकडून झाकणावर लिहून घ्या. मग त्याच्यासमोर स्वतः सीट काढून एक फ्यूज बदलून पाहा. रात्री घाटात, पावसात, मोबाइलच्या उजेडात ते जमेल असं वाटलं, तरच गाडी ताब्यात घ्या. आणि प्रत्येक मापाचे दोन जादा फ्यूज टूलकिटमध्ये कायम असू द्या.